सखाराम मिस्त्रींची सहा इंजिने

आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या वर्गात काचेचे एक कपाट आहे. त्यात वाफेवर चालणारे एक लहानसे इंजिन ठेवलेले असते. वीतभर लांब, पितळेचे, विलायतेहून आणलेले. गेल्या महिन्यात प्रोफेसरसाहेबांनी ते टेबलावर ठेवले आणि त्याचा एकेक भाग छडीने दाखवत तासभर समजावून सांगितले. शेवटी एकाने विचारले, हे चालते का? साहेब म्हणाले, बिघडेल म्हणून ते कधी पेटवलेले नाही. मग त्यांनी ते परत कपाटात ठेवून कुलूप लावले.

मी मागच्या बाकावर होतो. कल्याणला आमच्या आळीत एका माणसाकडे अशी सहा होती आणि सहाही चालत, हे सांगावेसे मला फार वाटले. पण वर्गात उभे राहून इंग्रजीत एवढे बोलण्याचे धैर्य मला अजून आलेले नाही. म्हणून इथे लिहितो. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

सखाराम मिस्त्री जातीने तांबट. घरचे लोक हंडे-घागरी ठोकत. यांनी मात्र तरुणपणीच रेल्वेच्या शेडमध्ये नोकरी धरली. तिथे ते बॉयलरच्या तांब्याच्या नळ्या बसवीत. अंगाने बुटके, मान आखूड, आणि रिव्हेट ठोकण्याच्या आवाजाने डावा कान गेलेला. कोणी बोलू लागले की उजवा कान पुढे करीत, त्यामुळे ते नेहमी जरा रागाने बघताहेत असे नव्या माणसाला वाटे. मोडीत सही करता येई. त्यापुढे अक्षर नव्हते. मी त्यांना काका म्हणत असे. आमचे घर त्यांच्या घराला लागून.

त्यांना छंद एकच, तो म्हणजे या इवल्या इंजिनांचा. साहेब लोक विलायतेला परत जाताना घरातल्या सामानाचा लिलाव करीत. टेबले, खुर्च्या, काचसामान आधी जाई. मुलांची मोडकी खेळणी, दांडा नसलेल्या छत्र्या, फुटके कंदील असा पसारा एका खोक्यात भरून अगदी शेवटी निघे. त्या शेवटच्या खोक्यासाठी काका उन्हात दिवसभर उभे राहत. "आपण बघतोय हे कळू द्यायचं नाही," ते मला सांगत. "छत्रीकडे बघत राहायचं." अशाने त्यांच्या घरी मोडक्या छत्र्याही पुष्कळ साठल्या होत्या.

घरी आणलेले इंजिन ते पहिल्या दिवशी पूर्ण सोडवीत. खिळा न् खिळा वेगळा. मग चिंच आणि राख लावून सगळे घासत. यमुनाकाकू म्हणत, "आमच्याकडे चिंच आमटीत कमी आणि इंजिनाला जास्त लागते." काका त्यावर चिंचेचा गोळा थोडा लहान करून घेत.

सहाही इंजिनांना नावे होती. एक कारण नसताना शिटी वाजवी, ती सासू. एकीचे चाक काकांनी स्वतः घडवून बसवलेले, ती लंगडी. एक तापायला फार वेळ घेई, ती आळशी. दोन अगदी सारख्या होत्या, त्या जुळ्या. आणि सहावी रडकी. तिच्या प्रत्येक सांध्यातून पाणी ठिबके आणि शेणाने सारवलेल्या ओटीवर ती जाईल तिथे ओली रेघ उमटे. काकूंचा सारा राग रडकीवर. काकांनी तीन महिने खपून, वितळलेल्या कथलाची झाळ देऊन तिचा एकेक सांधा बंद केला. मग ती गळेना, पण नाव रडकीच राहिले.

रविवारी दुपार कलली की काका ओटीवर बसत आणि एकेक इंजिन चालवीत. मुले जमत, मोठी माणसेही सहज आल्यासारखी येऊन उभी राहत. "आधी पाणी, मग आग," असे काका दर वेळी मोठ्याने म्हणत. शेडमध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. कोरड्या बॉयलरखाली आग घातली तर बॉयलर जातो. पण काकांनी ते सगळ्याच गोष्टींना लावले होते. मी मॅट्रिकला पहिल्यांदा नापास झालो तेव्हा त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो होतो. त्यांनी तांब्याभर पाणी पुढे ठेवले, मी पिईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "हं. आता सांग."

इंजिनाखालच्या दिव्याला तेल चालत नसे. काजळी धरे आणि धग पुरत नसे. काकांनी त्याला तोड काढली होती. खडवलीच्या पुढे एका पाड्यावर मोहाची भट्टी होती; तिथून ते पहिल्या धारेची दारू बाटलीत भरून आणीत. दर पंधरा दिवसांनी मिस्त्री बाटली घेऊन येताना दिसतात, हे लपून राहण्यासारखे नव्हते. शेवटी ज्ञातीच्या चार वडीलधाऱ्यांनी त्यांना बोलावून विचारले. काकांनी बाटली आणि दिवा दोन्ही सोबत नेले होते. दिव्यात दारू ओतली, काडी लावली. निळी ज्योत उभी राहिली. काका म्हणाले, "माझं इंजिन पितं. मी फक्त आणून देतो." एक म्हातारे म्हणाले, "आणि उरते ती?" काका म्हणाले, "उरत नाही. सहा जणी आहेत."

हे सगळे सुरळीत चालले होते. मग मागच्या वर्षीचा दसरा आला.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळेच आपापली हत्यारे पुजतात. माझे वडील गणपतशेटच्या भाताच्या वखारीत मापारी आहेत. तेही आपले माप धुऊन पाटावर ठेवतात. काकांच्या घरी हातोडे, कानस, सांडशी आणि सहा इंजिने ओळीने मांडली होती. यमुनाकाकूंनी प्रत्येकाला गंध लावले, हळदकुंकू वाहिले, वर अक्षता टाकल्या. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोने लुटून झाल्यावर इंजिने चालवायची, असा रिवाज आळीत पडून गेला होता.

बॉयलरच्या माथ्यावर एक छोटी झडप असते. वाफ जास्त झाली की ती आपोआप उचलली जाते आणि जास्तीची वाफ फुस्स करून निघून जाते. ती उचलली गेली नाही, तर वाफ कोंडत राहते. पेटवण्याआधी काका प्रत्येक इंजिनाची ही झडप नखाने उचलून बघत. एकदाही चुकत नसत. त्या संध्याकाळी ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाच इंजिने चालून झाली. "काका, रडकी राहिली! लावा लवकर, अंधार पडतोय," असा गलका झाला. काकांनी पाणी भरले, दिवा लावला. झडप बघितली नाही.

गणपतशेटची मुलगी ठकी सगळ्यांत पुढे बसली होती. दहा वर्षांची. तिचा डावा हात इंजिनापासून वीतभर असेल. आवाज फार मोठा झाला नाही, नारळ फुटावा तेवढाच. रडकीची मागची झाळ उलली आणि उकळते पाणी आणि वाफ ठकीच्या मनगटावर गेली. कोणी शाई आणा म्हणाले, कोणी तूप. काकांनी कोणाचे ऐकले नाही. तिला उचलून हंड्यापाशी नेले, तिचा हात हंड्यात बुडवला आणि ती ओरडत असतानाही तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा रडकी त्यांच्या मांडीवर होती. सुईने ते काहीतरी उकरीत होते. झडपेच्या काटीवर एक छोटी कमान, म्हणजे स्प्रिंग, असते. काटी आणि कमान यांच्या फटीत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा अडकला होता आणि वाळलेल्या गंधाने तिथेच घट्ट बसला होता. काटीला उचलायला जागाच उरली नव्हती. काकांनी दाणा काढून माझ्या तळव्यावर ठेवला. यमुनाकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी तो पाहिला आणि त्या मटकन खालीच बसल्या. "माझ्या हातनं झालं हे," त्या म्हणाल्या.

"कुंकू लावायचं काम तुझं," काका म्हणाले. "ते तू केलंस. बघायचं काम माझं होतं." मग रडकीकडे बघत म्हणाले, "आणि हिचं गळणं बंद करायला नको होतं. रडत होती तोवर हिनं कुणाला भाजलं नाही."

गणपतशेट दुपारी आले. आरडाओरडा केला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ओटीच्या खालीच उभे राहून ते म्हणाले, "मिस्त्री, माझ्या मुलीचं लग्न ठरेपर्यंत तुमच्या एकाही इंजिनाखाली काडी पेटता कामा नये. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले.

त्यानंतर रविवारी ओटी रिकामी असे. काका इंजिनांना तेल देत, फडक्याने पुसत आणि परत फळीवर ठेवीत. ठकी त्या ओटीवर पुन्हा आली नाही. तिची जखम दोन महिन्यांत भरली, बोटे नीट वळू लागली. पण मनगटापासून हाताच्या पाठीपर्यंत पिंपळपानाएवढा पांढरा डाग राहिला.

माघात ठाण्याची मंडळी ठकीला बघायला आली. या वयात मुलींची लग्ने करावीत की नाही, यावर आमच्या कॉलेजात जोरजोरात वाद होतात. मी ते ऐकतो आणि मला पटतातही. पण आळीत तोंड उघडण्याची माझी छाती नव्हती, हे कबूल केले पाहिजे. पत्रिका आधीच जुळली होती. घर चांगले, तलावाजवळ किराण्याचे दुकान. मुलाची आजी सोबत आली होती. तिने ठकीला सुईत दोरा ओवायला सांगितला. ठकीने ओवला. तेवढ्यात आजीची नजर हातावर गेली.

"हे काय गं?"

"भाजलंय," ठकी म्हणाली.

"भाजल्याचं इतकं पांढरं राहतं होय?"

मंडळी फराळाला न थांबता गेली. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका नीट जुळत नाही. म्हणजे काय, ते सगळ्यांना समजले. कोड. हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नाही, पण पंधरा दिवसांत तो भिवंडीपर्यंत पोचला आणि दुसऱ्या एका स्थळाने येण्याआधीच नकार कळवला. एकदा असे नाव पडले की त्या मुलीला कोणी विचारीत नाही. ठकीची आई दाराबाहेर दिसेनाशी झाली.

त्या शनिवारी मी मुंबईहून घरी आलो होतो. काका येऊन म्हणाले, "नारायण, उद्या ठाण्याला येतोस?"

"मी तिथं काय बोलणार, काका?"

"काही बोलू नकोस. कोट घालून ये."

गणपतशेटना त्यांनी काही सांगितले नव्हते. सांगितले तर ते नको म्हणतील, हे त्यांना ठाऊक होते. गाडीत ते उजवा कान खिडकीकडे करून बसले आणि फक्त एकदा बोलले, "ड्रायव्हर नवा आहे. घाबरून चालवतोय." मला वाटले, आपणही तसेच चाललो आहोत.

ठाण्याच्या घरी आजी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिचा मुलगा, म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील, आतून बाहेर आले.

"मी कल्याणचा सखाराम तांबट," काका म्हणाले. "गणपतशेटच्या मुलीचा हात माझ्यामुळे भाजला."

"आम्ही कळवलंय त्यांना," ते म्हणाले. "पत्रिका..."

"पत्रिकेतलं मला समजत नाही. हाताचं समजतं."

काकांनी पिशवीतून फुटलेली रडकी काढून सुपाशेजारी ठेवली. झडप म्हणजे काय ते दाखवता यावे म्हणून सासूही आणली होती, तीही ठेवली. आजी म्हणाली, "एवढंसं? हे तर पोरांचं खेळणं."

"खेळणंच आहे. पण पाणी खरं उकळतं."

मला वाटले, आपण कोट घालून आलो आहोत तर काही मदत करावी. मी म्हणालो, "आजी, वाफेमध्ये सुप्त उष्णता असते, त्यामुळे उकळत्या पाण्यापेक्षाही..."

"हा कोण?"

"कॉलेजात आहे," काका म्हणाले.

"बरं बरं. बसू दे त्याला."

मग काकांनी बाराबंदीच्या दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवल्या. त्यांचे हात मी जन्मापासून बघत होतो, पण असे नीट कधी पाहिले नव्हते. मनगटापासून वर पांढरे ठिपके, पट्टे, एक तर हाताच्या पंज्याएवढा. शेडमधल्या पंचवीस वर्षांचे.

"हा शेडमधल्या पहिल्या वर्षीचा," ते एकेकावर बोट ठेवून सांगू लागले. "नळी निसटली होती. हा सासरे वारले त्या वर्षीचा. हा मोठा, त्याला पंधरा वर्षं झाली. आजी, कोड पसरतं. तुम्ही जास्त पावसाळे पाहिलेत. हे बघा, जिथं होतं तिथंच आहे."

आजीने सूप बाजूला केले. अंगठ्याला थुंकी लावून तिने तो मोठा डाग घासला. रंग लावलेला आहे की काय, ते बघत असावी. मग उलट्या हाताने त्याच्या कडा चाचपल्या.

"फुटलं कशानं हे?"

मी तोंड उघडले. काकांनी माझ्याकडे न बघता म्हटले, "माझ्या हातनं. पेटवायच्या आधी जे बघायचं असतं, ते मी बघितलं नाही."

"हे दुसरं धड दिसतंय. पेटव बघू. वाफ एवढी कशी भाजते, बघू दे मला."

"नाही पेटवता येणार."

"का? बिघडलंय?"

"नाही, चालतं. पण मुलीचं लग्न ठरेपर्यंत पेटवणार नाही, असं मी तिच्या बापाला सांगितलंय."

"तो बसलाय का इथं बघायला?"

"नाही."

नवऱ्या मुलाचे वडील हसले. "म्हणजे लग्न ठरलं की तुमची इंजिनं सुटली! असं आहे होय? तरीच एवढ्या लांब आलात."

माझे कान तापले. काका मात्र सासूला फडक्यात गुंडाळता गुंडाळता शांतपणे म्हणाले, "तेही आहे."

आजीने आत तोंड करून सुनेला हाक मारली, "अगं, या दोघांना पोहे दे. सकाळचे निघालेत."

परत येताना मी विचारले, "काका, अक्षतेचं का सांगितलं नाहीत? चूक तुमची एकट्याची नव्हती."

"पूजेच्या अक्षतेनं फुटलं म्हटलं असतं, तर म्हातारी म्हणाली असती, देवाच्याच मनात नव्हतं. मग त्या पोरीचं काय?"

आठ दिवसांनी ठाण्याची मंडळी आपण होऊन आली. आजीने ठकीचा हात हातात घेऊन उजेडात धरला, डागाच्या कडा चाचपल्या आणि सोडून दिला. त्याच बैठकीत लग्न ठरले. संध्याकाळी गणपतशेट साखरेची पुडी घेऊन काकांकडे आले. या वेळी ते ओटीच्या वर चढले. "मिस्त्री," ते म्हणाले, "आता पेटवा."

पुढच्या रविवारी सगळी आळी जमली. काकांनी जुळ्यांपैकी एक खाली काढली, झडप नखाने तीनदा उचलून पाहिली, पाणी भरले. काडेपेटी हातात घेतली. मग ती तशीच धरून ओटीवरून उतरले आणि गणपतशेटच्या दारात जाऊन उभे राहिले. ठकी आत खांबाला टेकून उभी होती.

"ठके, पेटवू का?"

तिची आई आतून म्हणाली, "अहो, तिला काय विचारता? यांनी सांगितलंय ना."

काका तिथेच थांबले. दसऱ्यापासून त्या मुलीच्या हाताबद्दल आणि लग्नाबद्दल आम्ही सगळे बोलत होतो. तिला कोणी काही विचारताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिलाही ते नवीन असावे. 

"रडकी नको," ती म्हणाली.

"रडकी नाही. जुळ्यांतली आहे."

"मी तिकडे येणार नाही."

"नको येऊस."

"मग पेटवा."

मला दुसऱ्या दिवशी मुंबईला परतायचे होते. चैत्रात काकांची घाटावरच्या शेडमध्ये बदली झाली आणि ते काकूंना आणि इंजिनांना घेऊन तिकडे गेले. त्यामुळे मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्या रविवारी. ओटीवर परत आल्यावर त्यांनी इंजिन नेहमीच्या जागेवरून उचलले आणि गणपतशेटचे दार जिथून समोर दिसते, त्या टोकाला नेऊन ठेवले. "काका, इकडून काही दिसत नाही!" अशी ओरड झाली. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. ठकी उंबऱ्यावर येऊन बसली होती, डावा हात परकराखाली घेऊन. काकांची पाठ आम्हा सगळ्यांकडे होती. इंजिन ओटीच्या कडेला आले की ते दोन बोटांनी उचलून मागे आणीत, आणि पुन्हा तिच्याकडे तोंड करून सोडीत.